डॉ. आंबेडकर : व्यथेचा अन्वयार्थ

माणसाच्या वाट्याला आलेल्या दुःखातील त्याचे स्वतःचे किती आणि तो ज्या समाजात जन्मला त्या समाजाचे किती, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. नोकरी न मिळालेला पदवीधर नशिबाला बोल लावतो, मुलीच्या लग्नापायी कर्जबाजारी झालेला कारकून पत्रिकेकडे बोट दाखवतो आणि शाळा सोडून गेलेल्या पोराला गुरुजी बुद्धिमंद ठरवून मोकळे होतात. संचित, प्रारब्ध आणि ललाटलेख यांची भाषा आपल्या समाजाच्या इतकी अंगवळणी पडली आहे, की दुःखाला समाजव्यवहारातील कारणे असू शकतात हेच मुळी ध्यानात येत नाही. व्यक्तीच्या चरित्राची सांगड समाजाच्या इतिहासाशी घालून पाहण्याच्या दृष्टीला अमेरिकन समाजशास्त्रज्ञ सी. राइट मिल्स यांनी १९५९ साली समाजशास्त्रीय कल्पनाशक्ती असे नाव दिले. मिल्स न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात प्राध्यापक होते आणि त्यांचा जन्म १९१६ सालचा. योगायोग असा, की त्याच १९१६ साली, त्याच विद्यापीठात, साताऱ्यात वाढलेल्या पंचवीस वर्षांच्या एका विद्यार्थ्याने या दृष्टीचा एक उत्कृष्ट नमुना निबंधरूपाने सादर केला होता. तो विद्यार्थी म्हणजे भीमराव रामजी आंबेडकर.

डॉ. आंबेडकरांचे चरित्र सांगताना दोन टोके हटकून गाठली जातात. एक टोक सोसलेल्या अपमानांचे, दुसरे अलौकिक बुद्धिमत्तेचे. अपमान सोसणारी माणसे कोट्यवधी होती. बुद्धिमान माणसांचीही या देशात कधी वाण नव्हती. आंबेडकरांचे वेगळेपण या दोहोंना जोडणाऱ्या दुव्यात आहे. आपल्यावर झालेला अन्याय हा आपल्यापुरता नाही, तो एका रचनेचा नियमित परिणाम आहे, ती रचना कशी चालते हे शोधून काढता येते, आणि जे शोधून काढता येते ते बदलताही येते, अशी ही विचारसरणी होती. त्यांच्या साऱ्या आयुष्याचे सूत्र या चार पायऱ्यांत सामावले आहे.

त्यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथील लष्करी छावणीत झाला. वडील रामजी सकपाळ सुभेदार होते आणि लष्करी शाळेत शिक्षक होते. घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील. महार समाजातील मुलाच्या घरी पुस्तके असणे, वडिलांनी त्याचा अभ्यास घेणे, ही त्या काळी सामान्य गोष्ट नव्हती. ती शक्य झाली याचे कारण ईस्ट इंडिया कंपनीच्या काळापासून मुंबईच्या पलटणींत महारांची भरती होत आली होती आणि पलटणीत शिक्षणाची सोय होती. १८९० च्या दशकात लष्कराचे धोरण पालटले आणि महारांची भरती बंद झाली. म्हणजे ज्या दाराने रामजी सुभेदार वर आले ते दार त्यांच्या मुलाच्या बालपणीच लोटले गेले. एका कुटुंबाचे भाग्य आणि एका सरकारी ठरावाचे परिणाम हे असे एकमेकांत गुंतलेले असतात. आंबेडकरांच्या दुःखाप्रमाणेच त्यांच्या यशाचाही उलगडा केवळ व्यक्तिगत गुणांनी होत नाही.

साताऱ्याच्या शाळेत या मुलाला इतरांपासून दूर, स्वतःच्या गोणपाटावर बसावे लागे. ते गोणपाट रोज घरी न्यावे लागे. तहान लागली तर नळाला हात लावण्याची मुभा नव्हती. शाळेच्या शिपायाने नळ सोडला तरच पाणी. शिपाई नसेल त्या दिवशी पाणी नाही. न्हावी केस कापीत नसे, ते काम घरी बहीण करी. हे सारे त्या वयात त्याला जगाचा स्वाभाविक क्रम वाटत होते. पाऊस पडतो, ऊन पडते, तसेच आपल्याला दूर बसवले जाते. रोजच्या सवयीने अन्याय निसर्गनियमासारखा भासू लागतो. प्रश्न उभा राहण्यासाठी त्या सवयीला कोठेतरी तडा जावा लागतो.

तो तडा १९०१ साली गेला. वडील खटाव तालुक्यात दुष्काळी कामावर रोखपाल होते. उन्हाळ्याच्या सुटीत नऊ-दहा वर्षांचा भीमराव घरातील इतर मुलांसमवेत आगगाडीने मसूर स्थानकावर उतरला. नवे कपडे, डोक्यावर जरीच्या टोप्या, अशा थाटातली ही मुले पाहून स्टेशनमास्तरने आपुलकीने चौकशी केली. जात कळताच त्याचा चेहरा पालटला. एकही गाडीवान मुलांना नेण्यास तयार होईना. अखेर दुप्पट भाड्यावर तडजोड झाली ती अशी, की मुलांनी बैलगाडी स्वतः हाकावी आणि गाडीवानाने बाजूने पायी चालावे. रात्रभराच्या त्या प्रवासात शिदोरी बरोबर होती, पण ती खाता आली नाही; कारण प्यायला पाणी कोणी दिले नाही. जकातनाक्यावर मुसलमान असल्याचे सांगूनही उपयोग झाला नाही.

या प्रसंगातील प्रत्येक पात्र तपासून पाहण्यासारखे आहे. स्टेशनमास्तर दुष्ट नव्हता. भाड्याची तोड त्यानेच सुचवली. गाडीवानाला पैसे हवे होते. तो धनको नव्हता, जमीनदार नव्हता, अंगमेहनत करणारा गरीब माणूस होता. तरीही दुप्पट पैसे घेऊन पायी चालण्यात त्याला प्रतिष्ठा वाटत होती आणि चार लहान पोरांशेजारी बसण्यात अप्रतिष्ठा. व्यक्तींच्या स्वभावाने याचा उलगडा होत नाही. आर्थिक हितापेक्षाही बलवान असे काहीतरी या माणसांकडून काम करवून घेत होते. ते काय होते, हा प्रश्न त्या रात्री एका मुलाच्या मनात रुजला आणि त्याचे उत्तर मिळण्यास पंधरा वर्षे लागली.

मुंबईत एल्फिन्स्टन हायस्कूल आणि एल्फिन्स्टन कॉलेज येथील शिक्षण संपवून, सयाजीराव गायकवाड महाराजांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली आंबेडकर अमेरिकेस गेले. कोलंबिया विद्यापीठात एडविन सेलिग्मन यांच्याकडे अर्थशास्त्र आणि जॉन ड्यूई यांच्याकडे तत्त्वज्ञान असा त्यांचा व्यासंग चालला होता. ९ मे १९१६ रोजी अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातींची घडण, उत्पत्ती आणि विकास या विषयावरील निबंध वाचला. पुढील वर्षी तो ‘इंडियन अँटिक्वेरी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

या निबंधात मसूरचे नाव नाही, गोणपाट नाही, तहान नाही. ज्याच्या अंगावर जातिव्यवस्थेचे वळ उमटले होते त्याने तिच्याविषयी लिहिताना स्वतःचा उल्लेखही करू नये, हा भावनाशून्यतेचा भाग नव्हे. तो शिस्तीचा भाग होता. सेनार, नेसफील्ड, रिस्ले या युरोपीय पंडितांची आणि पुढे ज्ञानकोशकार म्हणून महाराष्ट्राला परिचित झालेल्या श्रीधर व्यंकटेश केतकरांची मते त्यांनी क्रमाने तपासली. केतकरांचा जातिसंस्थेच्या इतिहासावरील ग्रंथ १९०९ साली अमेरिकेतच प्रसिद्ध झाला होता. जातीकडे सुटे एकक म्हणून न पाहता व्यवस्थेचा घटक म्हणून पाहावे, ही केतकरांची दृष्टी आंबेडकरांना मोलाची वाटली. मात्र केतकरांनी जातीची जी दोन लक्षणे सांगितली, ती जन्मसिद्ध सभासदत्व आणि बाहेर विवाहास बंदी ही होत. ही दोन वेगळी लक्षणे नसून एकाच वस्तूच्या दोन बाजू आहेत, असे त्यांनी दाखवले.

त्यांचे स्वतःचे प्रतिपादन थोडक्यात असे होते. जातीचे मर्म अंतर्विवाहात आहे. एखाद्या गटाने आपसातच विवाह करायचे ठरवले, की विवाहयोग्य स्त्रिया आणि पुरुष यांची संख्या समतोल राखावी लागते. जोडप्यातील एकाचा मृत्यू झाला, की हा तोल बिघडतो. मागे राहिलेली स्त्री गटाबाहेर विवाह करील तर कुंपण मोडेल. गटात करील तर कोणा कुमारिकेचा वर हिरावला जाईल. म्हणून तिला पतीबरोबर जाळणे किंवा आजन्म वैधव्यात ठेवणे हे दोन मार्ग निघाले. मागे राहिलेल्या पुरुषाला जाळता येत नाही, कारण सत्ता त्याच्या हाती आणि त्याच्या श्रमाची गटाला गरज. संन्यास सर्वांना झेपत नाही. तेव्हा अद्याप विवाहयोग्य न झालेल्या वयाची मुलगी त्याला देण्याची चाल पडली. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या तीन रूढी म्हणजे वेगवेगळी पापे नव्हेत. जातीचे कुंपण शाबूत ठेवण्याची ती तीन साधने होत. या रूढींचे गुणगान करणारे तत्त्वज्ञान मागाहून आले.

जात पसरली कशी, याचेही उत्तर त्यांनी शोधले. एकट्या मनूने ती निर्माण केली, हे मत त्यांनी त्या वेळी अमान्य केले. एवढी मोठी रचना कोणा एका स्मृतिकाराच्या हुकमाने उभी राहत नाही. रूढ असलेल्या आचाराला त्याने नियमांचे रूप दिले. पुरोहितवर्गाने प्रथम स्वतःला कोंडून घेतले आणि प्रतिष्ठेच्या ओढीने इतर वर्गांनी त्याचे अनुकरण केले. ज्यांनी केले नाही त्यांच्यासाठी इतरांची दारे आपोआप बंद झाली. अनुकरणाविषयीचे फ्रेंच समाजशास्त्रज्ञ गाब्रिएल तार्द यांचे नियम त्यांनी येथे उपयोगात आणले. मसूरचा गाडीवान या विवेचनाच्या प्रकाशात नीट समजतो. त्याच्या पदरी ना विद्या, ना धन. त्याच्यापाशी एकच भांडवल होते, कोणाच्या तरी वर असण्याचे. ते सोडण्यास तो दुप्पट भाड्यालाही राजी झाला नाही.

सिद्धान्त हाती आला म्हणून अनुभव थांबले नाहीत. शिष्यवृत्तीच्या करारानुसार संस्थानची सेवा करण्यासाठी १९१७ साली आंबेडकर बडोद्यास गेले. परदेशातील काही वर्षांत आपण अस्पृश्य आहोत याचा त्यांना जवळजवळ विसर पडला होता. बडोद्याच्या स्थानकावर उतरताच राहायचे कोठे, या प्रश्नाने त्याचे स्मरण दिले. एका पारशी पथिकाश्रमात पारशी नाव सांगून त्यांनी आसरा मिळवला. अकराव्या दिवशी सकाळी काठ्या घेतलेले दहाबारा पारशी दारात उभे राहिले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्यास त्यांनी फर्मावले. एका हिंदू मित्राने नोकर निघून जातील अशी अडचण सांगितली. ब्राह्मण कुळातून ख्रिस्ती झालेल्या दुसऱ्या मित्राला पत्नीचे मत विचारावयाचे होते. कामाठी बागेत काही तास काढून, परदेशात उच्च विद्या संपादन केलेला हा अधिकारी रात्रीच्या गाडीने मुंबईस परतला.

शिक्षण घेतले, पैसा मिळवला, पोशाख सुधारला, की जातीचे चटके बसत नाहीत, हा समज तेव्हाही होता, पुढेही राहिला. बडोद्याने तो खोटा ठरवला. धर्म बदलला तरी मनातली जात बदलतेच असे नाही, हेही तेथे दिसले. पुढे १९३४ साली वेरूळच्या सहलीवर असताना, तेव्हाच्या निजामी राज्यात, दौलताबादच्या किल्ल्याजवळील हौदावर हातपाय धुतल्यावरून त्यांच्या मंडळींना मुसलमानांच्या जमावाने अडवले. जो हिंदूंना अस्पृश्य तो पारशी आणि मुसलमानांनाही अस्पृश्य, असा निष्कर्ष त्यांनी या दोन प्रसंगांवरून काढला. अस्पृश्यता ही एका धर्मातील कर्मठांची चूक म्हणून सोडून देता येत नव्हती. या भूमीवरच्या साऱ्या समाजांत ती मुरली होती.

हीच पद्धत त्यांनी जातीबाहेरच्या प्रश्नांनाही लावली. १९१८ साली भारतातील लहान शेतजमिनींवर लिहिलेल्या निबंधात, जमिनीचे तुकडे पडण्याचे खापर त्यांनी शेतकऱ्याच्या अडाणीपणावर किंवा केवळ वारसाहक्काच्या कायद्यावर फोडले नाही. शेतीवर गरजेपेक्षा अधिक माणसे पोसली जात आहेत, त्यातील पुष्कळांचे श्रम वाया जात आहेत, आणि याचे उत्तर उद्योगधंद्यांच्या वाढीत आहे, असे त्यांनी मांडले. दारिद्र्य हा दरिद्री माणसाचा स्वभावदोष नव्हे, हे सांगण्यासाठी त्यांनी करुणेचा आधार घेतला नाही, अर्थशास्त्राचा घेतला.

अर्थात रचनेला दोष दिला की व्यक्तीची जबाबदारी संपते, असा सोयीचा अर्थ या विचारातून काढता येईल. आंबेडकरांचे सार्वजनिक जीवन हे त्याचे खणखणीत उत्तर आहे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ साली संमत केला होता. महाड नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले होते. कागदावर सारे झाले होते. २० मार्च १९२७ रोजी हजारो माणसे शिस्तीने तळ्यावर चालत गेली आणि पाणी प्याली, तेव्हा त्या कागदाला अर्थ आला. साताऱ्याच्या शाळेत शिपायाच्या मर्जीवर अवलंबून असलेले पाणी येथे नागरिकाचा हक्क म्हणून मागितले गेले. त्या वर्षीच्या २५ डिसेंबरला महाडलाच मनुस्मृतीचे दहन झाले आणि तळ्याचा वाद न्यायालयात दहा वर्षे चालून १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयात अस्पृश्यांच्या बाजूने निकाल लागला.

महाडनंतर गावोगावी बहिष्काराचे शस्त्र उपसले गेले. मुंबई सरकारने १९२८ साली नेमलेल्या चौकशी समितीचे सभासद म्हणून आंबेडकर १९२९ साली खानदेशातील अशाच एका प्रकरणाच्या तपासासाठी गेले असता चाळीसगावला उतरले. एकही टांगेवाला त्यांना बसवून नेण्यास तयार होईना. महारवाड्यातील मंडळींनी टांगा भाड्याने घेतला, पण हाकायला आपल्यातलाच अननुभवी माणूस बसवला. घोडा उधळला, आंबेडकर दगडी फरशीवर आपटले आणि पायाचे हाड मोडले. आपल्या पाहुण्याने पायी चालत येणे वस्तीला कमीपणाचे वाटले, म्हणून तिने हे धाडस केले होते. मसूरच्या घटनेनंतर अठ्ठावीस वर्षे लोटली होती. मुलगा बॅरिस्टर झाला होता, सरकारी समितीवर बसला होता. टांगेवाल्याची समजूत मात्र तीच होती. माणसे बदलली तरी रचना टिकते ती अशी.

हे सारे प्रसंग त्यांनी इंग्रजीत लिहिलेल्या एका लहानशा आत्मपर टिपणात नोंदवले आहेत. त्यांच्या हयातीत ते छापले गेले नाही. १९९० साली पुस्तिकेच्या रूपाने ते वाचकांपुढे आले. या टिपणाची मांडणी मोठी बोलकी आहे. पहिले चार प्रसंग त्यांचे स्वतःचे आहेत. शेवटचे दोन मात्र दुसऱ्यांचे. एकात काठेवाडातील एका अस्पृश्य शिक्षकाची बाळंतीण पत्नी, डॉक्टरने स्पर्श करून तपासण्याचे नाकारल्यामुळे दगावते. दुसऱ्यात खेडा जिल्ह्यात तलाठी म्हणून नेमणूक झालेल्या भंगी समाजातील तरुणाला गाव कचेरीत बसू देत नाही आणि अखेर त्याला जीव वाचवून परतावे लागते. आत्मकथन असे दुसऱ्यांच्या कथनात विलीन होते. स्वतःचे दुःख हे अनेक उदाहरणांपैकी एक आहे, हे ज्याने ओळखले त्यालाच हे जमते. हा शिक्षक आणि हा तलाठी, दोघेही नोकरदार होते, शिकलेले होते. पगाराचा आकडा त्यांच्या उपयोगी पडला नाही.

१९३६ साली लाहोरच्या जातपाततोडक मंडळासाठी तयार केलेले भाषण मंडळाने रद्द केल्यावर आंबेडकरांनी स्वखर्चाने छापले. जातिव्यवस्था केवळ कामाची वाटणी करीत नाही, ती काम करणाऱ्यांचीच उतरंड लावते, हे त्यातील विवेचन प्रसिद्ध आहे. पुढे राज्यघटनेच्या मसुदा समितीचे ते अध्यक्ष झाले. घटनेच्या १७ व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली, हे सर्वांना ठाऊक असते. १५ व्या अनुच्छेदाचा दुसरा खंड मात्र क्वचित वाचला जातो. दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले, विहिरी, तलाव, स्नानाचे घाट, रस्ते यांच्या वापरात धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कोणाला मज्जाव करता येणार नाही, असे तो सांगतो. कायद्याची ही यादी रूक्ष वाटते. ज्याला पाणी, निवारा आणि वाट या तीन गोष्टींचे चटके बसले आहेत, त्याला तीत लाखो माणसांचे चरित्र वाचता येईल.

१९१६ च्या निबंधाचा धागाही तुटला नाही. जातीचे कुंपण स्त्रीच्या आयुष्यावर उभे आहे, हे ज्याने विद्यार्थिदशेत दाखवले, त्यानेच कायदामंत्री म्हणून आंतरजातीय विवाह, घटस्फोट आणि स्त्रीचा वारसाहक्क यांचा समावेश असलेल्या हिंदू संहिता विधेयकासाठी झुंज दिली, आणि ते रखडल्यावर सप्टेंबर १९५१ मध्ये मंत्रिपदाचा राजीनामा दिला. १९५५ आणि १९५६ साली त्यातील पुष्कळ तरतुदी वेगवेगळ्या कायद्यांच्या रूपाने आल्या. त्याच १९५६ सालच्या १४ ऑक्टोबरला नागपूर येथे त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि ६ डिसेंबरला त्यांचे निधन झाले.

त्यांचे पुतळे चौकाचौकांत उभे आहेत, जयंतीच्या मिरवणुका निघतात. ते सारे उचितच आहे. पण त्यांच्या विचाराची पद्धत आत्मसात करण्याचे काम शाळेच्या वर्गात आणि कचेरीच्या मेजावर व्हायचे आहे. वर्गातील गैरहजर मुलांची नावे वाचताना, ती कोणत्या वस्तीतील आहेत, त्यांचे आईबाप कोणत्या कामावर आणि किती महिने परगावी जातात, हे विचारणारा शिक्षक त्या पद्धतीने चालतो. दाखल्यासाठी पाचव्यांदा खेटे घालणाऱ्या माणसाला अडाणी न म्हणता, नियमातील कोणती अट त्याला परत पाठवते हे पाहणारा कारकूनही त्याच वाटेवर असतो. परीक्षेत वा नोकरीत अपयश आलेल्या विद्यार्थ्याने स्वतःच्या प्रयत्नांचा हिशेब जरूर करावा. पण जागा किती होत्या, त्या कोणाला मिळाल्या, आपल्यासारख्या कितीजणांना मिळाल्या नाहीत, याचाही करावा. पहिल्या हिशेबातून पुरुषार्थ जागा होतो, दुसऱ्यातून समाज समजतो. यांपैकी एकच करणारा माणूस एक तर स्वतःला खात बसतो किंवा जगाला शिव्या देत बसतो. आंबेडकरांनी दोन्ही हिशेब जन्मभर चोख ठेवले.